पाइनच्या सुईवरचा पांढरा ठिपका

विमा उतरवलेल्या पार्सलांवर लाखेची मोहोर करणे हे टपाल खात्यातले माझे पहिल्या वर्षांतले काम. मेणबत्तीवर कांडी धरायची, सुतळीच्या गाठीवर थेंब पाडायचा आणि तो थिजायच्या आत पितळी शिक्का दाबायचा. बोटे हमखास भाजत. ही लाख म्हणजे एका किड्याने स्वतःभोवती बांधलेले घर असते, असे गोंदियाकडून बदलून आलेल्या एका वयस्क पोस्टमनने मला सांगितले तेव्हा मी हसलो होतो. पुढच्या सोमवारी त्यांनी पळसाची एक काटकी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली आणि काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवली. काटकीभोवती तांबूस, खडबडीत पापुद्रा होता. त्याला बारीक छिद्रे होती. कटरने एक टवका काढला तर आत लाल रंगाची एक पिशवी निघाली. तिला पाय नव्हते, पंख नव्हते, डोळेही दिसत नव्हते. हा किडा आहे यावर माझा विश्वास बसेना.

तिथून माझा हा नाद सुरू झाला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कीटकशास्त्राचा एकही तास मी वर्गात बसून ऐकलेला नाही. एका कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांच्या कृपेने मिळतील ती पुस्तके वाचली, सराफाकडून डोळ्याला लावायचे दसपट भिंग घेतले आणि रविवारी झाडांच्या फांद्या उलथ्यापालथ्या करू लागलो. (त्या मोहोरेच्या कांडीत नुसती लाख नसे, राळही मिसळलेली असे, हे फार नंतर वाचनात आले. राळ म्हणजे चीड वृक्षाचा, म्हणजे पाइनचाच डिंक. लाखेचा किडा आणि पाइन ही जोडी माझ्या टेबलावर आधीपासूनच होती म्हणायची.)

लाखेचा किडा ज्या कुळातला, त्या किड्यांना आपल्याकडे शेतकरी खवले कीड म्हणतात. उसाच्या कांड्यावर राखाडी खवल्यांचा थर चढतो, तो त्यांचाच. द्राक्षावरचा आणि सीताफळावरचा पिठ्या ढेकूण हाही त्यांचाच चुलत भाऊ. जगात या गटाच्या आठ हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. सगळ्यांची जीवनकथा थोड्याफार फरकाने एकच. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू टाचणीच्या टोकाएवढे असते. त्याला सहा पाय असतात आणि ते चालते. आयुष्यात एकदाच, काही तास किंवा एखाद-दोन दिवस, ते हिंडते. जागा पसंत पडली की सोंड झाडात खुपसते आणि बसते. मादी असेल तर बहुतेक जातींत ती पुन्हा कधीच उठत नाही. पाय झडतात किंवा नावापुरते उरतात, अंगावर मेण, राळ किंवा कवच चढते. नर मात्र पुढे पंख फुटून उडतो, पण त्याला तोंडच नसते. मादी शोधून एखाद-दोन दिवसांत तो मरतो.

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणात ती माझ्या मानगुटीवर बसलेली होती. आमच्या परसात सीताफळाची दोन झाडे होती. एका वर्षी फळांच्या डोळ्यांत पिठ्या ढेकूण भरला. त्यांत मला काही जरा मोठे, पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या असलेले आणि चपळ किडे दिसले. ही पूर्ण वाढलेली कीड असणार, असे ठरवून मी चिमट्याने एकेक वेचून रॉकेलच्या डब्यात टाकली. पन्नासेक तरी असतील. नंतर एका पुस्तकात चित्र पाहिले आणि पुस्तक मिटून बसलो. त्या क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. पिठ्या ढेकणाला खाणारा हा भुंगा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून भारतात आणला गेला. त्याची अळी भक्ष्यासारखाच पांढरा वेष धारण करते. मी राखणदार मारले आणि चोर ठेवले. त्या वर्षी एकही फळ हाती लागले नाही.

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे अमेरिकेत मिनेसोटाला गेलो तेव्हा एप्रिल सुरू होता. बर्फ बहुतेक वितळला होता, तरी मुलीच्या घरामागच्या कुंपणापलीकडल्या तीन पाइन वृक्षांवर तो अजून भुरभुरलेला दिसत होता. चार दिवस झाले, ऊन पडले, तरी बर्फ जाईना. मी कुंपणापाशी जाऊन एक फांदी ओढून पाहिली. सुयांवर पांढरे ठिपके होते. चुना उडावा तसे.

"बाबा, ती झाडे शेजारच्या बाईंची आहेत," मुलगी खिडकीतून म्हणाली. "परवानगी न घेता हात लावू नका."

परवानगी मागायला गेलो आणि त्यातून सगळे कळले. बाई ऐंशीच्या घरातल्या. झाडे त्यांच्या दिवंगत पतीने घर घेतले त्या वर्षी लावलेली. वसाहतीच्या समितीचे पत्र आले होते : झाडे रोगट दिसतात, जूनअखेर उपचार करा नाहीतर काढून टाका. एका बागकाम कंपनीचा माणूस पाहून गेला होता. त्याने मुळांशी औषध ओतायचे आणि एप्रिलमध्येच एक फवारणी करायची असा प्रस्ताव दिला होता. रक्कम ऐकून मी मनात रुपये केले आणि गप्प बसलो. बाईंनी मला एक फांदी तोडून दिली. माझ्याकडे कोणतीही पदवी नाही, हे मी माझ्या इंग्रजीत त्यांना दोनदा सांगितले. त्या म्हणाल्या, त्या माणसाने भिंगसुद्धा काढले नव्हते.

पाइनवरची कीड ओळखायची तर आधी पाइन ओळखावा लागतो. ते सोपे आहे. पाइनच्या सुया जुडीने येतात आणि जुडीत किती, हे मोजायचे. तिकडच्या पांढऱ्या पाइनला पाच, तर मिनेसोटाचा राज्यवृक्ष असलेल्या लाल पाइनला दोन लांब सुया असतात. बाईंच्या झाडांना दोनच, पण आखूड, निळसर आणि पीळ पडलेल्या सुया होत्या. खोडाची वरची साल नारिंगी होती. म्हणजे हा स्कॉट्स पाइन, मूळचा युरोपचा.

मग ठिपका. पहिली शंका अशी की हा किडाच आहे ना? पाइनच्या सुईवर जन्मतःच पांढऱ्या ठिपक्यांच्या रेघा असतात. ती तिची श्वासरंध्रे, मेणाने भरलेली. भिंगातून पाहिले तर शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी सरळ ओळीत दिसतात आणि नखाने निघत नाहीत. वाळलेल्या डिंकाचा थेंबही फसवतो, पण तो काचेसारखा असतो आणि चोळला की वास येतो. माझा ठिपका ओळीत नव्हता आणि नखाने टवका उडाला. किडा.

पाइनवर राहणाऱ्या खवले किडींचे बरेच प्रकार आहेत, पण घरच्या माणसाला उपयोगी पडेल अशी चौकशी एकाच गोष्टीपासून सुरू होते : झाडाखाली चिकट आहे का? आपल्याकडे याला चिकटा म्हणतात. जी खवले कीड झाडाच्या अन्नवाहिनीत सोंड घालते, तिला गोड रस गरजेपेक्षा कितीतरी जास्त मिळतो. उरलेला ती मागून थेंबाथेंबाने सोडते. त्यावर काळी बुरशी वाढते, मुंग्या येतात. विदर्भातल्या संत्रावाल्यांना हा काळेपणा चांगला माहीत आहे. ते त्याला कोळशी म्हणतात, मात्र संत्र्यावर तो काळ्या माशीमुळे येतो. पाइनवर असे करणारी एक प्रसिद्ध कीड म्हणजे कासव-खवला, शास्त्रीय नाव टूमेयेला पार्विकॉर्निस. ती कोवळ्या काटकीवर बसते, फुगीर, तांबूस-तपकिरी, पाठीवर कासवासारखी नक्षी. तिची पाठ म्हणजे तीच. वेगळे कवच नाही.

दुसरा गट चिलखती खवल्यांचा. हे अन्नवाहिनीच्या वाटेला जात नाहीत. सुईच्या आतल्या हिरव्या पेशींत सोंड घालतात आणि एकेक पेशी रिकामी करतात. उरायला जास्तीचा रस नाही, म्हणून चिकटा नाही, कोळशी नाही, मुंग्या नाहीत. आणि यांचे कवच अंगाला जोडलेले नसते. ते छपरासारखे वर असते. सुईच्या टोकाने छप्पर उचलले की खाली वेगळा, मऊ किडा सापडतो.

बाईंच्या झाडाखाली मी तळहात गवतावर टेकवून पाहिला. कोरडा. फांद्यांवर मुंगी नव्हती, काळेपणा नव्हता. कवच पांढरेशुभ्र, जेमतेम तीन मिलिमीटर, एका टोकाला निमुळते आणि दुसरीकडे रुंद होत गेलेले. निमुळत्या टोकाला पिवळसर ठिपका. तो ठिपका म्हणजे तिची कात. पिल्लू असताना टाकलेली कात ही मादी फेकत नाही, छपरालाच लावून ठेवते. शेजारी काही फार बारीक, सरळ कडांची कवचे होती, ती नरांची. एवढ्यावरून नाव सांगता येते : पाइन-सुई-खवला, कायोनास्पिस पिनिफोली. ग्रीकमध्ये पहिल्या शब्दाचा अर्थ हिमाची ढाल असा होतो. चार दिवस मी जे बर्फ समजत होतो त्याचे नावच ते निघाले.

या किडीचे पहिले वर्णन १८५६ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे आसा फिच यांनी केले. फिच पेशाने डॉक्टर. दवाखाना बंद करून ते शेती आणि किडे यांच्या मागे लागले आणि १८५४ पासून राज्याने त्यांना त्याच कामाला नेमले. अशी माणसे वाचनात आली की मला बरे वाटते, हे कबूल करतो.

तरी भिंगावरचे नाव हे शंभर टक्के नाव नव्हे. कायोनास्पिस हेटेरोफिली नावाची सख्खी बहीण आहे, तिचे कवच किंचित रुंद. दोघींचा निवाडा कवचावर होत नाही. मादीला छपराखालून काढून कॉस्टिक पोटॅशमध्ये पारदर्शक करायचे, रंग द्यायचा, काचपट्टीवर कॅनडा बाल्सममध्ये बसवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या शेपटाकडच्या कडेचे दात पाहायचे. (कॅनडा बाल्सम हा पुन्हा डिंकच, पाइनच्या भाऊबंदातल्या फर वृक्षाचा.) ते माझ्या आवाक्याबाहेरचे होते. बाईंच्या नावाने एक फांदी आम्ही विद्यापीठाच्या निदान केंद्राला पाठवली. उत्तर तीन आठवड्यांनी आले आणि नाव तेच होते. पण तोवर थांबायला वेळ नव्हता, आणि नाव कळणे हा ओळखीचा निम्माच भाग आहे.

उरलेला निम्मा भाग असा : दिसणारा ठिपका जिवंत आहे की मेलेला?

किडा मेला तरी छप्पर पडत नाही. पावसाने जात नाही, बर्फाने जात नाही. सुई जोवर झाडावर आहे तोवर ते तसेच राहते, आणि स्कॉट्स पाइन सुया दोन-तीन वर्षे, कधी चार वर्षेही, धरून ठेवतो. म्हणजे पांढरे झालेले झाड आज आजारी असेलच असे नाही. परवाच्या साली आजारी असू शकते. समितीने आणि कंपनीच्या माणसाने रस्त्यावरून पाहिलेला पांढरेपणा हा वर्तमान होता की इतिहास, हे त्यांनी तपासलेच नव्हते.

तपासायचे कसे, तर छपरे उचलून. जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद, टाचणी, भिंग. एप्रिलमध्ये या किडीचा फक्त अंड्यांचाच जीव शिल्लक असतो. आई हिवाळ्याआधीच मेलेली असते आणि तिच्या छपराखाली डझनावारी अंडी थंडी काढतात, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची. छप्पर उचलल्यावर लालसर भुकटी सांडली तर ते घर भरलेले. पांढरी, रिकामी टरफले निघाली तर पिल्ले मागच्या हंगामात निघून गेलेली. आणि छपरालाच एक गोल, पंचने पाडावे तसे भोक असेल तर आत परजीवी गांधीलमाशी वाढून बाहेर पडली आहे. ही गांधीलमाशी अर्ध्या तांदळाएवढीही नसते. ती खवल्यात अंडे घालते आणि तिची अळी किड्याला आतून खाते. भोक गोल नसून फाटके, दातेरी असेल तर ते ढालकिड्याचे काम.

दुसरी गोष्ट मला टपाल खात्याने शिकवली. आवक-जावक नोंदवहीत तारीख पाहिल्याशिवाय नोंद वाचायची नसते. पाइनची फांदी ही तशीच वही आहे. दरवर्षी टोकाला नवा पेर वाढतो आणि दोन पेरांच्या मध्ये फांद्यांचा झुपका येतो. एप्रिलमध्ये टोकाच्या पेरावरच्या सुया गेल्या वर्षीच्या, त्यामागच्या पेरावरच्या त्याआधीच्या. मी तिन्ही झाडांच्या चारही बाजूंच्या फांद्या आणून पेराप्रमाणे सुया वेगळ्या केल्या आणि प्रत्येक ढिगातली छपरे उचलत बसलो. हिने नातीला मांडीवर घेऊन दोन दिवस तो पसारा पाहिला आणि म्हणाली, "तांदूळ निवडायला सांगितले तर डोळे दुखतात."

पहिल्या दोन झाडांवर नव्या सुयांवर जुन्यांपेक्षा जास्त ठिपके होते आणि बहुतेक छपरांखाली लाल भुकटी होती. कीड वाढत होती. तिसऱ्या, रस्त्याकडच्या झाडावर उलटे. जुन्या सुया पांढऱ्या, नव्या जवळजवळ स्वच्छ, आणि दर दहा छपरांत सात-आठ तरी गोल भोकांची. ते झाड सर्वांत पांढरे दिसत होते. कंपनीच्या कागदावर त्याच झाडासमोर 'गंभीर' असे लिहिले होते.

हे घेऊन मी बाईंकडे गेलो. एप्रिलमधली फवारणी वाया जाईल हे समजावणे सोपे गेले : औषध छपरावर पडेल आणि अंडी छपराखाली कोरडी राहतील. मुळांशी ओतायचे औषध इमिडाक्लोप्रिड होते. कापूस आणि द्राक्ष पिकवणाऱ्याला हे नाव सांगावे लागत नाही. ते झाडाच्या प्रवाहात मिसळून वर चढते, म्हणून प्रवाहातून रस पिणाऱ्या मऊ खवल्यावर चालते. हा चिलखतवाला पेशी रिकाम्या करणारा. त्याच्यावर या औषधाचा परिणाम फारच कमी. म्हणजे झाडाखाली तळहात टेकवून पाहिला असता तर हा खर्च सुचवलाच गेला नसता.

मग करायचे काय? वाट पाहायची. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या एक खूण सांगतात : लायलॅकला फुले आली की पाइन-सुई-खवल्याची अंडी फुटतात. लायलॅकला किड्याशी काही देणेघेणे नाही. दोघेही एकाच उबेचा हिशेब ठेवतात, एवढेच. पेरते व्हा म्हणणाऱ्या पाखरावर आपणही असाच भरवसा ठेवतो. मिनेसोटात हे मेच्या उत्तरार्धात होते. दुसरी पिढी जुलैच्या मध्याला. नुकती बाहेर पडलेली पिल्ले लाल, उघडी आणि चालती असतात, तेवढे काही दिवसच ती साबणाच्या किंवा बागायती तेलाच्या साध्या फवाऱ्याने मरतात. एकदा बसून छप्पर घातले की पुन्हा दोन महिने थांबा.

थांबण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते मला सीताफळाच्या झाडाने शिकवले होते. पण बाईंना मी माझे सीताफळ नाही, टाहोचे उदाहरण दिले. कॅलिफोर्नियात साउथ लेक टाहो नावाचे सरोवराकाठचे पर्यटनगाव आहे. १९६०च्या दशकात तिथे डास मारायला मॅलॅथिऑनचा धूर सोडत. डास किती मेले ते असो, पण गावातल्या पाइन वृक्षांवर हाच पांढरा खवला उसळला. बर्कलीच्या डॉनल्ड डाल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला. धूर छपराखालच्या किड्यापर्यंत पोहोचत नव्हता, मात्र उघड्यावर फिरणाऱ्या गांधीलमाश्या आणि ढालकिडे त्यात मरत होते. धूर बंद केला. पुढे कोणतेही औषध न मारता खवला आपोआप ओसरला. रॉबर्ट लक आणि डाल्स्टन यांचा त्यावरचा लेख १९७५ मध्ये 'इकॉलॉजी' या नियतकालिकात आला. मी तो तीनदा वाचला आहे. त्यातले गणित मला पूर्ण कळत नाही, छपरांवरच्या भोकांचे कळते.

बाईंनी विचारले, मग मारूच नये का काही? हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर किडा कोणता आणि तो कुठे आहे यावर ठरते. वर उल्लेखलेला कासव-खवला घ्या. तो उत्तर अमेरिकेचाच. तिथल्या पाइनवर तो कधी वाढतो, कधी शत्रूंच्या तडाख्यात घटतो. २००५ मध्ये तो कॅरिबियन भागातल्या टर्क्स आणि केकोस बेटांवर सापडला. तिथला केकोस पाइन हा त्या बेटांचा राष्ट्रीय वृक्ष आहे. त्याची बहुतेक राने काही वर्षांत वाळली. २०१४च्या सुमारास तो इटलीत नेपल्सच्या परिसरात दिसला आणि २०१८ मध्ये रोममध्ये. ऑत्तोरिनो रेस्पिगी यांनी १९२४ मध्ये ज्या पाइन वृक्षांवर वाद्यवृंदाची रचना केली, ते छत्रीसारख्या माथ्याचे वृक्ष. मिनेसोटाच्या थंडीत ज्याची वर्षाला एक पिढी होते, त्याच्या इटलीच्या उबेत तीन होतात, आणि त्याला आवरणारे शत्रू तिथे पुरेसे नाहीत. रोममध्ये झाडांच्या खोडांत औषध टोचावे लागत आहे, आणि तिथे ते चालते, कारण हा खवला प्रवाहातून पिणारा. तिथे वाट पाहा म्हणून सांगणारा माणूस मूर्ख ठरेल. बाईंच्या झाडावरचा किडा त्याच मातीतला होता आणि त्याचे शत्रू हजर होते. मेच्या सुरुवातीला मला पहिल्या झाडावर दोन लाल ठिपक्यांचे काळे ढालकिडे दिसले तेव्हा मी बाईंना अक्षरशः हाक मारून बोलावले.

बाईंनी कंपनीला नकार कळवला. समितीला पत्र लिहिले, ते मुलीने टंकून दिले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात कोपऱ्यावरचा लायलॅक फुलला. मी रोज सकाळी फांदीखाली पांढरा कागद धरून दोन टपल्या मारत असे. तीन दिवस नुसती धूळ. चौथ्या दिवशी धूळ चालू लागली. लाल, मिठाच्या कणापेक्षा बारीक. पहिल्या दोन झाडांवर जावयाने शिडी लावून साबणाचे पाणी फवारले, आठवड्याने पुन्हा एकदा. तिसऱ्या झाडाला आम्ही हात लावला नाही. कागदावर तिथे एखाद-दुसरेच पिल्लू पडत होते. मी बाईंना सांगितले, हे झाड आपोआप सावरेल.

ते सावरले नाही. जुलैत त्याचा शेंडा तपकिरी झाला आणि ऑगस्टच्या मध्याला बाईंनीच ते काढायला सांगितले. खवल्यांबद्दल मी जे सांगितले ते बरोबर होते. तोडलेल्या झाडाच्या सुया मी पुन्हा तपासल्या. नव्या सुया स्वच्छच होत्या. पण बुंधा उपटला तेव्हा मातीखाली हातभर खोलीवर एक जाड मूळ खोडाभोवती गोल फिरून आवळले गेलेले दिसले. रोप कुंडीतून लावताना वळलेले मूळ सरळ केले नसेल, आणि खोड जाड होत गेले तसा फास घट्ट झाला असेल. दुबळ्या झाडावर खवला आधी येतो, हेही मी वाचलेले होते. मी दोन दिवस सुया मोजल्या आणि एकदाही बुंध्याशी बसून माती उकरली नाही. बुंधा एका बाजूने जमिनीत सरळ खुंट्यासारखा शिरत होता, तिथे मुळाचा फुगवटा नव्हता. ही खूण उघड्यावर होती.

बाई त्यावर काही बोलल्या नाहीत. लाकडाचा एक तुकडा त्यांनी ठेवून घेतला. मला म्हणाल्या, त्यांच्या पतीला कुंड्या सोडवायची नेहमी घाई असे.

ऑक्टोबरमध्ये परतताना एखादी सुई वहीत घालून आणावी असे फार वाटले. आणली नाही. कासव-खवला रोमला कसा पोहोचला असेल याचा विचार करणाऱ्या माणसाने विमानात सुई नेऊ नये. कोरी वही आणि भिंग घेऊन आलो. नव्या सुयांवर दुसऱ्या पिढीची पांढरी छपरे निघताना होतीच. पहिल्या झाडावर कमी, दुसऱ्यावर जरा जास्त.

या वर्षी मेअखेर मुलीने एक छायाचित्र पाठवले. पांढरा कागद, त्यावर लाल ठिपके, कोपऱ्यात बाईंचा अंगठा. खाली लिहिले होते, "बाबा, पहिल्या झाडाचे. दोन टपल्या मारल्या." मी चित्र मोठे करून मोजले. अकरा. त्यांतले दोन कागदावरचेच डाग असावेत.